१९ गुण, पण कशाचे?

वाचकाचं पत्र

ताई, आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. मुलगा सहावीत आहे, अकरा वर्षांचा. दिवाळीनंतर शाळेतून तीनदा बोलावणं आलं. दोनदा मधल्या सुट्टीत मारामारी झाली. तिसऱ्यांदा व्हॅनच्या रांगेत त्याने एका मुलाच्या डोक्यात पाण्याची बाटली घातली. टाके पडले नाहीत, पण चांगलं टेंगूळ आलं. आमचा म्हणतो, "त्याने मला मुद्दाम ढकललं." तो मुलगा म्हणतो, "वळताना दप्तर लागलं." त्या रात्री ह्यांनी याला पट्ट्याने मारलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या समुपदेशक मॅडमनी त्याला ऑफिसात बसवून २३ वाक्यांचा फॉर्म भरून घेतला. प्रत्येक वाक्यापुढे कधीच नाही, कधी कधी, बरेचदा असं होतं. एकूण गुण १९ आले. वर्गशिक्षिकेनेही एक छोटा फॉर्म भरला, त्यात खूपच जास्त आले. मी भरला त्यात विशेष काहीच नाही, कारण घरी तो असं वागतच नाही, आजीचे पाय चेपून देतो. मुख्याध्यापक म्हणाले, "मुलगा ॲग्रेसिव्ह आहे. डॉक्टरांचा रिपोर्ट आणा, नाहीतर जूनपासून दुसरी शाळा बघा." सासूबाई म्हणतात, पोरगं आहे, पोरं भांडणारच. १९ म्हणजे किती वाईट? फॉर्म खोटा आहे की मीच आंधळी आहे?

मुलीचं मात्र काही टेन्शन नाही. नववीत आहे, पहिल्या पाचात असते. तिच्या मैत्रिणींच्या ग्रुपमधून एका मुलीला काढलं आणि ती मुलगी महिनाभर शाळेत येत नाही, म्हणून बाई हिलाही विचारत होत्या. पण मुलींचं असं चालायचंच.

एक आई

उत्तर

प्रिय ताई,

फॉर्म खोटा नाही आणि तुम्हीही आंधळ्या नाही. पण "१९ म्हणजे किती वाईट" या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तो आकडा तुमच्यापर्यंत अर्धाच पोचलाय.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून ही एड्रियन रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रश्नावली दिसते. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात मुलग्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास चालू होता, त्यातून ती आली. २३ वाक्यं, प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण, म्हणजे जास्तीत जास्त ४६. पण ही प्रश्नावली मुळात तयार झाली ती दोन आकडे वेगवेगळे काढण्यासाठी. त्यातली ११ वाक्यं एका प्रकारच्या आक्रमकतेची आहेत आणि १२ दुसऱ्या प्रकारच्या. शाळेने दोन्हींची बेरीज केली आणि तुमच्या हातात दिली.

पहिला प्रकार उसळून येणाऱ्या आक्रमकतेचा. कुणी चिडवलं, डिवचलं, हातातलं ओढलं, खेळात हरलो, की डोकं फिरतं आणि ओरडणं, आपटणं, हात उचलणं होतं. नंतर मूल रडतं, घाबरतं, कधी स्वतःच हबकून जातं. दुसरा प्रकार ठरवून केलेल्या आक्रमकतेचा. यात राग असलाच पाहिजे असं नाही. दम दिला की डबा मिळतो, ढकललं की पहिला नंबर लागतो, चार जणांना एकाच्या अंगावर घातलं की वर्गात वट वाढते, हे मुलाला कळलेलं असतं आणि ते तो वापरतो. मानसशास्त्राच्या पुस्तकांत यांना प्रतिक्रियात्मक आणि हेतुपुरस्सर आक्रमकता म्हणतात.

आता तुमचे १९ घ्या. एका मुलाचे पहिल्या भागात १७ आणि दुसऱ्यात २ असतील. दुसऱ्या मुलाचे ९ आणि १० असतील. बेरीज दोघांचीही १९. पण पहिल्याला राग सावरायला, थांबायला, समोरच्याच्या मनातलं ओळखायला शिकवावं लागतं. दुसऱ्याला दमदाटीतून काहीही मिळणार नाही अशी व्यवस्था मोठ्यांनी मिळून करावी लागते. पहिल्याला तुम्ही नुसत्या शिक्षा वाढवत गेलात तर तो आणखी भडकतो. दुसऱ्याला नुसते शांत होण्याचे श्वास शिकवलेत तर उपयोग नाही, तो आधीच शांत असतो. बेरजेवरून यातलं काहीच कळत नाही, आणि म्हणून नुसती बेरीज पालकांच्या हातात देणं मला चुकीचं वाटतं. समुपदेशक मॅडमना भेटा आणि विचारा, "दोन भागांचे गुण वेगवेगळे किती?" हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

ते दोन आकडे मिळाल्यावर आणखी एक लक्षात ठेवा. ठरवून केलेल्या आक्रमकतेच्या वाक्यांना बहुतेक मुलं "कधीच नाही" म्हणतात, त्यामुळे त्या भागातले गुण एरवीही कमीच येतात. तिथे थोडे गुण दिसले तरी ती वाक्यं कोणती हे बघायला हवं. उसळण्याच्या वाक्यांचं तसं नाही. कुणीतरी त्रास दिल्यावर मी ओरडलो, याला प्रामाणिक मूल "कधी कधी" म्हणणारच. आणि दोन्ही प्रकार एकत्र असलेली मुलं पुष्कळ असतात, तेव्हा आपला मुलगा कुठल्यातरी एकाच खान्यात बसला पाहिजे असा आग्रह धरू नका.

रक्त तपासलं की रिपोर्टवर आकड्याशेजारी नॉर्मल किती ते छापलेलं असतं. या १९ च्या शेजारी काय होतं? ही प्रश्नावली १६ वर्षांच्या मुलग्यांवर तपासली गेली होती. तुमचा मुलगा ११ वर्षांचा आहे, वेगळ्या देशात, वेगळ्या भाषेत वाढतोय. त्याच्या वयाच्या, त्याच्यासारख्या मुलांचे गुण साधारण किती येतात हे समोर ठेवल्याशिवाय "जास्त" हा शब्द वापरता येत नाही. आणि ज्या परिस्थितीत फॉर्म भरला गेला ती तर बघाच. आदल्या दिवशी मारामारी, रात्री पट्टा, सकाळी ऑफिसात खुर्ची. अशा वेळी मूल एकतर सगळं नाकारतं, नाहीतर "हो, मी वाईटच आहे" म्हणून भराभर खुणा करून मोकळं होतं. दोन्हींपैकी काय झालं हे आपल्याला बाहेरून कळणार नाही. हा फॉर्म महिन्याभराने, शांत वेळी, शिक्षेशी संबंध नसलेल्या ठिकाणी, वाक्यं समजली आहेत ना याची खात्री करून पुन्हा भरून घ्यावा असं मी मॅडमना सुचवेन.

आता बाईंचा फॉर्म आणि तुमचा फॉर्म. शिक्षकांसाठी बराच वापरला जाणारा एक छोटा फॉर्म केनेथ डॉज आणि जॉन कोई यांनी १९८७ मध्ये दिला. त्यात सहाच वाक्यं आहेत, तीन उसळण्याची आणि तीन ठरवून करण्याची. बाईंनी भरलेला तोच असेल तर तिथेही बेरीज न घेता तीन-तीनचे गुण वेगळे मागा.

पण तुमच्या आणि बाईंच्या उत्तरांत एवढा फरक का, हे तुम्हाला जास्त टोचतंय. योगायोगाने त्याच १९८७ साली थॉमस आकेनबाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११९ अभ्यास एकत्र करून हाच प्रश्न विचारला होता: एकाच मुलाबद्दल वेगवेगळी माणसं भरतात ते फॉर्म किती जुळतात? आई आणि वडील, किंवा दोन शिक्षक, अशा एकाच ठिकाणी मुलाला पाहणाऱ्या जोड्यांत जुळणी सुमारे ०.६ निघाली. इथे १ म्हणजे तंतोतंत जुळणं आणि ० म्हणजे काहीच संबंध नसणं. पालक आणि शिक्षक अशा वेगळ्या ठिकाणच्या जोड्यांत ती सुमारे ०.२८ वर आली. आणि मूल स्वतःबद्दल सांगतं ते आणि मोठी माणसं त्याच्याबद्दल सांगतात ते, यांची जुळणी त्याहूनही कमी, ०.२२ च्या आसपास. म्हणजे तुमच्या घरात घडलंय ते जगभर घडतं. याचा अर्थ कुणीतरी खोटं बोलतंय असा नाही. मुलं जागेप्रमाणे वेगळी वागतात. तुमच्या घरी रांग नाही, व्हॅन नाही, त्याच्या वयाची पंधरा मुलं एका नळावर तुटून पडलेली नाहीत. आजीसमोर त्याला उसळायचं कारणच पडत नाही. तुमचा फॉर्म एवढंच सांगतो की त्याला माया करता येते आणि शांत जागी तो शांत असतो. हे फार मोलाचं आहे, ते डॉक्टरांना जरूर सांगा. पण शाळेत काय घडतंय त्याची साक्ष त्या फॉर्मला देता येत नाही.

बाईंच्या साक्षीलाही मर्यादा आहे. मधल्या सुट्टीत बाई स्टाफरूममध्ये असतात. त्यांच्यापर्यंत येतं ते भांडणाचं शेवटचं टोक: कोण रडतंय आणि कोणाच्या हातात बाटली आहे. त्याआधी दहा मिनिटं, किंवा दहा दिवस, काय चाललं होतं ते त्यांना दिसत नाही.

म्हणून "त्याने मला मुद्दाम ढकललं" या तुमच्या मुलाच्या वाक्यापाशी मी थांबले. डॉज यांनी १९८० मध्ये शाळकरी मुलग्यांवर एक प्रयोग केला होता. मुलगा चित्रांचे तुकडे जोडत असतो. मग त्याला कळतं की शेजारच्या खोलीतल्या मुलाने त्याचं जोडलेलं मोडलं. काही मुलांना ते मुद्दाम मोडल्यासारखं ऐकवलं, काहींना मदत करताना मोडल्यासारखं, आणि काहींना असं की हेतू काहीच कळू नये. मुद्दाम मोडलं तेव्हा सगळेच चिडले. मदत करताना मोडलं तेव्हा आक्रमक समजली जाणारी मुलंही सांभाळून घेत होती. फरक पडला तो हेतू कळत नव्हता तिथे. तिथे एरवी शांत असणारी मुलं "चुकून झालं असेल" असं धरून चालली आणि आक्रमक म्हणून ओळखली जाणारी मुलं "मुद्दाम केलं" असं धरून चालली.

पाठीमागून लागलेलं दप्तर ही नेमकी अशीच गोष्ट आहे. हेतू दिसत नाही, धक्का मात्र खरा असतो. तुमच्या पत्रातल्या तिन्ही प्रसंगांत मला उसळणंच जास्त दिसतंय, ठरवून करणं कमी. पण हा माझा अंदाज आहे, पत्रावरून निदान होत नाही. आणि अंदाज बरोबर असला तरी आधी एक शोधा: तिन्ही वेळा समोर तोच मुलगा होता का, किंवा तोच कंपू? कारण उसळणाऱ्या मुलांमध्ये बरीच मुलं अशी असतात की ज्यांना आधी बरेच दिवस चिडवलं, हिणवलं, वेगळं पाडलेलं असतं. त्यांना मुद्दाम डिवचलं जातं, कारण ती पटकन पेटतात आणि मग शिक्षाही त्यांनाच होते. तसं असेल तर "मुद्दाम ढकललं" हे खरंही असू शकतं, आणि मग तुमच्या मुलाला समजूत घालण्याच्या आधी संरक्षण लागेल.

हे शोधायला फॉर्मपेक्षा वही चांगली. दोन आठवडे एक साधी वही ठेवा. प्रत्येक प्रसंगाला कधी, कुठे, समोर कोण, आधी काय झालं, त्याने काय केलं आणि नंतर काय झालं, एवढंच लिहा. "आगाऊपणा केला" असं लिहू नका, "बाटली डोक्यात मारली" असं लिहा. वर्गशिक्षिका आणि व्हॅनचे काका यांनाही विनंती करा, रोज दोन ओळी पुरेत. ज्या दिवशी काहीच झालं नाही तोही दिवस लिहा, कारण कोणत्या दिवशी सगळं सुरळीत जातं हेही आपल्याला हवंय. "आधी" आणि "नंतर" हे दोन रकाने सगळ्यात महत्त्वाचे. "आधी"च्या रकान्यात सारखं धक्का, चिडवणं, हरणं येत असेल तर उसळणं. "नंतर"च्या रकान्यात सारखं काहीतरी मिळालेलं दिसत असेल, खिडकीची जागा, बॅट, बाकीच्यांचं हसणं, तर ठरवून केलेल्या आक्रमकतेची शंका घ्यायला जागा आहे. भूक आणि झोपही लिहा. व्हॅनच्या रांगेतली वेळ म्हणजे दिवसभराचा थकवा आणि रिकामं पोट.

याच काळात त्याचे कान आणि डोळे तपासून घ्या. नीट ऐकू न येणारं मूल गोंगाटात अर्धं वाक्य ऐकतं आणि उरलेलं स्वतः भरतं. वाचायला अडखळतो का, एका जागी बसता येत नाही का, झोप लागते का, दिवाळीच्या आसपास घरात किंवा शाळेत काही बदललं का, हेही आठवा. शाळेतून बोलावणी दिवाळीनंतर आली असं तुम्ही लिहिलंय. मुलांमधलं नैराश्य कित्येकदा रडण्याऐवजी चिडचिडीतून बाहेर पडतं, म्हणून अचानक आलेला बदल नुसता "वय आहे" म्हणून सोडून देऊ नये.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. पोरं भांडतात हे त्यांचं खरंच आहे, पण अकरा वर्षांची पोरं दोन वर्षांच्या पोरांपेक्षा खूप कमी भांडतात. कॅनडातले संशोधक रिचर्ड त्रांब्ले यांनी मुलांना लहानपणापासून मोठं होईपर्यंत पाहिलं. मारणं, चावणं, ढकलणं सगळ्यात जास्त असतं ते दोन ते चार वर्षांच्या दरम्यान. त्यानंतर बहुतेक मुलं भाषा शिकतात, थांबायला शिकतात आणि हात उचलणं कमी होत जातं. म्हणून तीन वर्षांच्या मुलाने महिन्यात तीनदा मारलं तर मी काळजी करणार नाही. सहावीतल्या मुलाने डोक्यात बाटली मारली तर त्याकडे लक्ष द्यायलाच हवं. घाबरून जाऊ नका, पण हसण्यावारीही नेऊ नका.

आणि तुमच्या यजमानांसाठी, हा भाग त्यांना वाचून दाखवा. दादा, तुम्हाला लाज वाटली, भीती वाटली, मुलगा हाताबाहेर जाईल असं वाटलं, हे मी समजू शकते. पण पट्टा बंद करा, आजपासून. राग आला की मोठा माणूस लहानाला मारतो, हाच धडा त्या रात्री त्याला मिळाला, आणि उद्या त्याने तो व्हॅनच्या रांगेत वापरला तर त्याला दोष कसा देणार? घरात मार खाणाऱ्या मुलांमध्ये आक्रमकता वाढताना दिसते, हे संशोधनात पुन्हा पुन्हा आलंय. शिक्षा नको असं मी म्हणत नाही. ज्याला लागलं त्या मुलाच्या घरी तुम्ही दोघांनी जा. तुमच्या मुलाने त्याची माफी मागावी, तुम्ही त्याच्या आईवडिलांची विचारपूस करावी. हे पट्ट्यापेक्षा अवघड आहे आणि त्याच्या लक्षातही जास्त राहील. रोज संध्याकाळी पाच मिनिटं त्याच्याशी एक खेळ खेळा: "बसमध्ये एकाचा पाय तुझ्या पायावर पडला. का पडला असेल?" तीन वेगवेगळी कारणं त्याने सांगायची. तिन्ही ऐकून घ्या, चूक-बरोबर करू नका. हेतू ओळखण्याची सवय अशी सावकाश लागते.

आता मुलीबद्दल. तुम्ही पत्राच्या शेवटी चार ओळी लिहिल्या आणि "चालायचंच" म्हणून सोडून दिल्या. मला मात्र तुमच्या सगळ्या पत्रात त्या चार ओळींनी जास्त काळजी वाटली. एक मुलगी महिनाभर शाळेत येत नाहीये, ताई. टेंगूळ चार दिवसांत उतरतं.

आक्रमकता म्हणजे हात उचलणं, असं बरीच वर्षं संशोधकही धरून चालले होते. मोजायचे ते मारणं, ढकलणं, शिव्या. साहजिकच प्रत्येक मोजणीत मुलगे पुढे आणि मुली "शांत" निघायच्या. फिनलंडमध्ये किर्स्टी लागरस्पेट्झ, काई ब्यॉर्कक्विस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींनाच विचारायला सुरुवात केली की तुमच्या वर्गात रागावल्यावर कोण काय करतं. तेव्हा दिसलं ते असं: पाठीमागे वाईट बोलणं, गुपित फोडणं, "तिच्याशी मैत्री करू नका" असं इतरांना सांगणं, सूड म्हणून दुसऱ्याशी गट्टी करणं. यालाच त्यांनी अप्रत्यक्ष आक्रमकता म्हटलं. १९९५ मध्ये अमेरिकेत निकी क्रिक आणि जेनिफर ग्रोटपीटर यांनी तिसरी ते सहावीच्या मुलांकडून अशीच माहिती घेतली. नात्याचाच हत्यारासारखा वापर करून दुसऱ्याला दुखावणं, याची त्यांनी वेगळी मोजणी केली. असं वागणारी मुलं स्वतःही एकटेपणा आणि उदासी जास्त सांगत होती.

यावरून "मुली अशाच असतात" असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. २००८ मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा हाताने आणि तोंडावर केलेल्या आक्रमकतेत मुलगे ठळकपणे पुढे होते, पण अप्रत्यक्ष आक्रमकतेत मुलगे आणि मुली यांच्यातला फरक नगण्य निघाला. मुलगेही हे करतात. आपण मुलींमध्ये ते बघतो आणि "चालायचंच" म्हणतो, मुलग्यांमध्ये तर बघतही नाही.

मग नववीतल्या मुलीचं हे मोजायचं कसं? घरच्या फॉर्मवर ते उमटणार नाही, तुम्हाला त्यातलं काहीच दिसत नाही. बाईंच्या फॉर्मवरही कमीच, कारण हे सगळं मोठ्यांच्या नजरेआड, आणि आता मोबाइलवर चालतं. संशोधक यासाठी वर्गातल्या मुलांनाच गुप्तपणे नावं लिहायला सांगतात: एखाद्याला गटातून बाहेर ठेवतं ते कोण, अफवा पसरवतं ते कोण. ही पद्धत प्रभावी आहे, पण ती पालकांच्या परवानगीने, गोपनीयता सांभाळून, प्रशिक्षित माणसाने करायची असते. बाईंनी वर्गात उभं राहून "सांगा, कोण त्रास देतं?" असं हात वर करून विचारलं तर त्यातून फक्त एका मुलीचं नवं बदनाम होणं निष्पन्न होईल. तसं होऊ देऊ नका.

तुम्ही घरी एवढं करू शकता. मुलीला दोषी धरून सुरुवात करू नका, आणि निर्दोष धरूनही नाही. तिने काढलं असेल, दुसरीने काढलं आणि ही गप्प बसली असेल, किंवा "तिच्याशी बोललीस तर तुलाही काढू" या भीतीने ही मागे राहिली असेल. तिन्हींचा अर्थ वेगळा. फोन हिसकावू नका, हिसकावलात की बोलणं तिथेच संपेल. दोघीच असाल तेव्हा, भांडी लावताना किंवा चालताना, सरळ विचारा: "ती ग्रुपमधून गेल्यावर तुमच्यात तिच्याबद्दल काय बोलणं झालं?" मग ऐका. एकदाच झालं की पुन्हा पुन्हा होतंय, एकटीने केलं की सगळ्यांनी मिळून, त्या मुलीच्या बाजूने कुणी उरलंय का, आणि मजा म्हणून केलं की दुखावलं गेल्यामुळे, हे तुमच्या कानांनी टिपायचं. इथेही तोच फरक येतो बघा. त्या मुलीने हिचं काहीतरी उघड केलं आणि ही दुखावून उसळली असेल, किंवा ग्रुपवर आपलं राज्य राहावं म्हणून थंड डोक्याने केलं असेल.

मात्र उत्तर काहीही आलं तरी त्या मुलीसाठी थांबू नका. वर्गशिक्षिकेला स्वतःहून फोन करा आणि सांगा की माझी मुलगी यात असू शकते, मला सहकार्य करायचं आहे. त्या मुलीच्या घरी कुणीतरी जायला हवं, समुपदेशक मॅडमनी गेलं तर उत्तम. तुमच्या मुलीला तिला परत ग्रुपमध्ये घ्यायची सक्ती करू नका, सक्तीच्या मैत्रीत ती पुन्हा दुखावली जाईल. पण तिच्याबद्दलचं बोलणं थांबवणं, तिच्याबद्दल काही पसरवलं असेल तर ते खोटं होतं असं त्याच ग्रुपवर लिहिणं, शाळेत आल्यावर शेजारच्या बाकावर बसणं, एवढं तुमच्या मुलीच्या हातात आहे आणि त्याची तिच्याकडून अपेक्षा ठेवायला हरकत नाही. पहिल्या पाचात असणं याच्या आड येऊ देऊ नका.

राहिला शाळेचा विषय. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम १६ प्रमाणे आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार लागू नाही, तुमची शाळा तशी आहे का ते बघून घ्या. कलम १७ प्रमाणे शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी आहे. हे मुख्याध्यापकांना सुनवायला जाऊ नका, वाद वाढेल. पण "दुसरी शाळा बघा" ऐकून रात्र रात्र जागायची गरज नाही, एवढं समजून घ्या. शाळेची काळजीही रास्त आहे, एका मुलाच्या डोक्याला लागलंय. म्हणून तुम्ही भेटाल तेव्हा मागणी ठोस असू द्या: मधल्या सुट्टीत आणि व्हॅनच्या रांगेत एक मोठं माणूस उभं राहावं, तुमच्या मुलाने पाण्याच्या रांगेत सुरुवातीला किंवा शेवटी राहावं, आणि राग चढतोय असं वाटलं की न विचारता समुपदेशक मॅडमच्या खोलीत जाण्याची त्याला मुभा असावी.

डॉक्टरांकडे जाच, पण शाळेला कागद दाखवायला म्हणून नको, मुलाला समजून घ्यायला म्हणून जा. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. जाताना दोन आठवड्यांची वही, तिन्ही फॉर्मच्या प्रती आणि कान-डोळे तपासल्याचे कागद न्या. "आक्रमक आहे की नाही" असा दाखला मागू नका. कोणत्या प्रकारची, कुठे, कशामुळे आणि काय करायचं, हे लिहून मागा. जाणं लगेच जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. मुलीच्या वर्गातली ती मुलगी स्वतःला इजा करण्याचं बोलते आहे असं कुठूनही कानावर आलं तर त्याच दिवशी तिच्या घरी कळवा आणि हाच क्रमांक द्या. लहान मुलांसाठीचा १०९८ हाही आहे.

तीन महिन्यांनी तेच फॉर्म, त्याच माणसांनी, पुन्हा भरावेत. बेरीज बघू नका. उसळण्याचे गुण किती उतरले आणि ठरवून करण्याचे किती राहिले, हे वहीतल्या नोंदींशेजारी ठेवून बघा आणि मला लिहा. तोपर्यंत मुलीशी झालेल्या बोलण्याबद्दलही लिहिलंत तर बरं होईल, त्याची मी जास्त वाट बघेन.

तुमची ताई